प्लगचा धडा

गुरुवारी परत येताना सिग्नलला गाडी अशी काही थरथरायला लागली की डॅशबोर्डच्या खणातली माझी शिवणाची कात्री वाजू लागली. मी क्लच दाबून जरा रेस दिली, तर पुढून फट् असा आवाज झाला आणि शेजारच्या गाडीतल्या बाईनं घाईघाईनं काच वर केली. बाजूच्या सीटवर मास्तर डोळे मिटून बसले होते. डायलिसिस सेंटरवरून निघालं की ते नेहमी असेच बसतात. सकाळभर मशीननं अंगातलं सगळं रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत घातलं की माणसात बोलायचं बळ उरत नाही. पण गाडीला काही झालं की त्यांना कुठूनही जाग येते.

"तीन नंबर," ते डोळे न उघडता म्हणाले. "प्लग गेलाय. मिसिंग मारतेय."

"बरं."

"आणि शनिवारी मी येणार नाहीये."

मला वाटलं, गाडी बिघडली म्हणून म्हणताहेत. म्हटलं, टॅक्सी बोलावू. तर आता त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे नीट वळून म्हणाले, "टॅक्सीचा प्रश्न नाही. शनिवारी नाही आणि त्याच्या पुढंही नाही. पुरे झालं." सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेना, आणि मला पहिला गिअर सापडेना.

मशीन बंद केलं की माणसाचं काय होतं, हे डॉक्टरांनी आम्हाला अगदी सुरुवातीलाच समोर बसवून सांगितलं होतं. थोडे दिवस जातात, फार नाही. त्यामुळे पुरे झालं म्हणजे काय पुरे झालं, याची फोड मला कुणी करून द्यायला नको होती. संध्याकाळी लेकीचा फोन आला, तेव्हा मास्तरांनी तिला सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, आणि मग फोन माझ्याकडे दिला. मीही ठीक आहे म्हटलं. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच, आणि सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

मास्तर म्हणजे माझा नवरा. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि मी तिथं गाडी शिकायला गेले होते. तेव्हा मास्तर म्हणायची सवय लागली, ती लग्न झाल्यावरही सुटली नाही. पुढं लेकसुद्धा लहानपणी त्यांना मास्तरच म्हणायची. अर्धं गाव त्यांच्याकडे गाडी शिकलं. रागावणं त्यांना माहीत नव्हतं. पोरानं गाडी खांबावर नेली तरी ते आपल्या बाजूचा ब्रेक दाबून एवढंच म्हणायचे, "परत." पण पास-नापासच्या बाबतीत मात्र कुणाची भीडभाड नाही. सख्ख्या भाच्याला त्यांनी इतक्यांदा माघारी पाठवला की नणंद वर्षभर आमच्याकडे फिरकली नाही. मी मध्यस्थी करायला गेले, तर म्हणाले, "गाडीला आपला-परका कळत नाही. खोटं पास केलं तर मी त्याला मारलं असं होईल."

आणि त्यांचा एक शेवटचा धडा असायचा. तो रस्त्यावर नसायचा, अंगणात असायचा. बॉनेट वर करून गाडीचे चारही प्लग विद्यार्थ्यानं आपल्या हातानं बदलायचे. मास्तर खुर्ची टाकून बसायचे. पहिल्या प्लगला सगळं सांगायचे, मग हळूहळू कमी, आणि शेवटच्याला तोंडाला कुलूप. मग गाडी सुरू करायची, ते कान देऊन ऐकायचे, आणि पसंत पडलं तर म्हणायचे, "झालं. जा आता." त्यानंतर त्या माणसाच्या शेजारी ते कधीही गाडीत बसायचे नाहीत. परीक्षेच्या आदल्या दिवशी येऊन लोक हातापाया पडायचे, एकच चक्कर मारा म्हणून. नाही म्हणजे नाही. "प्लग बदलता येतो त्याला माझी गरज नाही," असं त्यांचं म्हणणं. "मी शेजारी बसलो तर तो रस्त्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत बसेल."

मला तो धडा कधी मिळालाच नाही. त्याची वेळ यायच्या आत लग्न ठरलं, आणि लग्नानंतर विषय काढला की म्हणायचे, तुला कशाला हवाय, मी आहे ना. मी लोकांना सांगायचे, मास्तरांकडे इतकी वर्षं शिकून ना पास ना नापास अशी मी एकटीच. ते हसायचे. स्कूल बंद झालं, बाकीच्या गाड्या गेल्या, ही एक म्हातारी गाडी राहिली, आणि तिचे प्लग तेच बदलत आले. मग ऑपरेशन करून त्यांच्या डाव्या हातात एक जाड शीर केली, मशीनच्या सुया टोचायला. त्या हातानं जोर करायचा नाही, काही उचलायचं नाही. त्यानंतर प्लग बदललेच गेले नव्हते.

शुक्रवारी दुपारी मी पुढच्या खोलीत एका जाड्या गिऱ्हाइकाच्या पँटची कंबर सैल करत होते. कपड्यांची दुरुस्ती हा माझा धंदा. लोक जाड-बारीक होत राहतात, तोवर मला मरण नाही. मास्तर बाहेरून आले आणि माझ्या शिलाई मशीनवर त्यांनी एक पुडकं ठेवलं. चार नवे प्लग. स्वतः चालत कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले होते. कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. वाटेत कुठंतरी दोनदा तरी टेकले असणार.

"ऊठ," ते म्हणाले. "इंजिन गार आहे तोवर बॉनेट उघड. आज प्लग तू बदल."

मी मान वर केली नाही. शिलाई पुरी केली, दोरा तोडला. माझ्या मस्तकात तिडीक गेली होती. इतकी वर्षं मागितलं तेव्हा दिलं नाही आणि आता पुडक्यात बांधून आणलं. मी म्हटलं, गॅरेजवाल्याला बोलावते. ते म्हणाले, "त्याला फोन केला होतास ना सकाळी? सोमवारी आणा म्हणाला." हे खरं होतं. टॅक्सीत ते बसणार नव्हते, हेही खरं. टॅक्सी दर खेपेला नव्यानं बोलवायची, म्हणजे त्यांना दर खेपेला नाही म्हणायची सोय. आपली गाडी दारात सुरू असली आणि मी आत बसून वाट बघत असले, तर निदान आशेला जागा होती.

म्हणजे पेच असा होता. उद्या त्यांना न्यायचं तर गाडी नीट व्हायला हवी. गाडी नीट व्हायची तर मला धडा घ्यायला हवा. आणि धडा झाला, की मास्तर माझ्या शेजारी बसणार नाहीत.

मी त्यांचा जुना शर्ट अंगावर चढवला आणि बाहेर गेले.

घरासमोर सिमेंटची चिंचोळी जागा आहे, तिथं गाडी उभी असते. त्यांनी घडीची खुर्ची भिंतीच्या सावलीत मांडली होती. डावा हात मांडीवर उपडा ठेवलेला. शेजारी स्टुलावर अवजारं ओळीनं मांडलेली, आणि खाली जुनं वर्तमानपत्र पसरलेलं. ही सगळी मांडामांड एका हातानं केली होती, याचा मला राग आला. आजकाल मला त्यांच्या सगळ्याच गोष्टींचा राग येतो, विशेषतः चांगल्या गोष्टींचा.

"एका वेळी एक," मास्तर म्हणाले. त्यांचा तो शिकवण्याचा आवाज मी किती वर्षांत ऐकला नव्हता. "एक वायर काढायची, एक प्लग काढायचा, नवा बसवायचा, वायर परत लावायची. मग पुढचा. चारही एकदम उघडे टाकायचे नाहीत. वायरी सारख्या दिसतात, पण सारख्या नसतात."

मी पहिली वायर धरून ओढली.

"परत. वायरीला नाही ओढायचं. तिची रबरी टोपी धर, जरा पिळ, मग वर घे."

टोपी धरली, पिळली, वर घेतली. आतल्या खळग्यात धूळ आणि बारीक खडी साचली होती. ती आधी ब्रशानं साफ करायला लावली, कारण प्लग निघाला की ती सगळी इंजिनाच्या पोटात जाते. मग प्लगचा लांब पाना आत सोडला. प्लग हलेना. मी पान्यावर वजन टाकलं, दात-ओठ खाल्ले. कर्र झालं आणि सुटला. मास्तरांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर माझ्याबरोबर वळला होता, तो त्यांनी परत सरळ केला.

निघालेला प्लग त्यांनी हातात मागितला. टोकाला फिकट तपकिरी रंग होता. "बिस्किटासारखा आहे ना? म्हणजे ठीक. जळणं बरोबर चाललं होतं. नुसता झिजलाय." तो त्यांनी कागदावर ठेवला. मग पेट्रोलच्या जुन्या रबरी नळीचा वीतभर तुकडा माझ्यापुढं केला. "नवा प्लग ह्याच्या तोंडात घाल आणि नळीनं फिरवत आत बसव. पाना लगेच लावायचा नाही. आटे वाकडे बसायला लागले, तर नळी आपोआप घसरते, पाना घसरत नाही. पाना सगळं फाडून टाकतो."

नळी फिरवताना बोटांना आटे एकेक करून लागत गेले. मला ते आवडलं, हे मान्य करायला हवं. मशीनच्या बॉबिनमध्ये दोरा बरोबर बसला की बोटाला जसं कळतं, तसंच. मग पान्यानं अगदी थोडं आवळलं. मास्तर म्हणाले, "बास. बाईमाणसं जोर कमी लावतात असं लोक म्हणतात. माझ्या सगळ्या गाड्यांचे आटे बाप्यांनी फाडले." मी हसणार होते, पण हसले नाही. आज मला हसवून घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या प्लगला ते जवळजवळ गप्पच होते. एकदा "परत" म्हणाले, मी धूळ काढायची विसरले तेव्हा. मी आवळला, त्यांनी मान हलवली, मी वायर लावली. उन्हाची कड सरकत खुर्चीच्या पायापाशी आली होती. मी खुर्ची मागं घ्यायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. तू तुझं काम कर."

तिसरा प्लग काढला तो काळा ठिक्कर होता, काजळीनं माखलेला आणि ओला. पेट्रोलचा वास आला.

"हाच तो," मास्तर म्हणाले. "हा काम करत नव्हता आणि बाकीचे तिघं त्याला ओढत होते. असं फार दिवस चाललं की बाकीचेही जातात."

ते प्लगबद्दलच बोलत होते का, मला माहीत नाही. असतीलही. पण माझ्या हातातला पाना तिथंच थांबला.

"मास्तर, हे कशासाठी चाललंय ते मला कळतंय बरं का."

"कळणारच. तू आधीपासून हुशार."

"थट्टा नको. आज पास करून उद्यापासून मोकळं व्हायचंय तुम्हाला."

"तुला मोकळं करायचंय."

"मी मागितलं होतं?"

"मागायला कशाला पाहिजे?" ते अजून शांत होते. "सेंटरवरून आलं की मला आत सोडतेस आणि गाडी लावून येते म्हणतेस. गाडी लावायला अर्धा तास लागतो? खिडकीतून दिसतेस मला. स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेली असतेस. पुढच्या खेपेला जायचं नाव काढलं की तुझे खांदे पडतात. मला ते बघवत नाही."

चोरी पकडल्यासारखं मला झालं. ती वेळ माझी होती. कुणाला दिसत नाही असं समजून मी तिथं बसत होते. रडत नव्हते, काही विचार करत नव्हते, नुसती बसायचे, कारण दार उघडून उतरायला अंगात त्राण नसायचं. आणि खरं सांगायचं तर गुरुवारी सिग्नलला ते 'पुरे झालं' म्हणाले, तेव्हा माझ्या आत कुठंतरी हुश्श झालं होतं. एक क्षणभर. मग त्याची इतकी भीती वाटली की गिअर सापडेना.

"हो, दमते," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "जीव नकोसा होईस्तोवर दमते. मग? माणूस दमला म्हणजे त्याला दुसरा नको झाला असं असतं का? शिवून शिवूनही दमते मी. म्हणून गिऱ्हाइकांनी नागडं फिरायचं ठरवलंय का?"

मास्तरांच्या ओठाचा कोपरा हलला. त्यानं मी आणखीनच पेटले.

"हसू नका. तुम्हाला नको झालं असेल तर तसं सांगा. त्या सुया नकोत, सेंटरवरची ती खुर्ची नको, घोटघोट पाणी मोजून प्यायचं नको, दुसरा दिवस नुसता झोपून घालवायचा नको. तसं तोंडानं सांगा. मी रडेन, भांडेन, लेकीला बोलावून घेईन, पण ऐकेन. तुमचं अंग, तुमचा जीव. पण माझ्या नावावर बिल फाडू नका. उद्या तुम्ही गेलात की मी काय म्हणायचं? मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं म्हणून माझा नवरा मेला?"

आणि मी पहिली वायर ओढून काढली. मग दुसरी, मग चौथी. टोपी धरून नाही, सरळ वायरीलाच धरून. चारही वायरी इंजिनावर लोंबायला लागल्या. "हे घ्या. राहू दे गाडी अशीच," म्हणाले आणि घरात गेले.

नळाखाली हात धरून मी बराच वेळ उभी होते. काळं जाता जाईना. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मास्तर दिसत होते. मला खिडकीतून बघणारा माणूस मला खिडकीतून दिसत होता. खुर्चीत थोडे पुढं वाकून ते त्या वायरींकडे बघत होते. उठले नाहीत. एकदा उजवा हात पुढं केला आणि परत घेतला. पूर्वीचे असते तर माझं बोलणं संपायच्या आत त्यांनी सगळं जागेवर लावून हात पुसले असते. मला त्यांची दया आली, आणि दया येते याचा इतका कंटाळा आला की मी चहाचं आधण ठेवलं.

दोन अर्धे कप घेऊन बाहेर गेले. त्यांना अर्धाच चालतो, म्हणून मीही अर्धाच घेते. दारातल्या पायरीवर बसले.

"थोडं माझंही आहे," मास्तर कपात बघत म्हणाले. "सगळं तुझ्या नावावर नाही. सुई जाताना हल्ली मी मान वळवतो. आधी बघायचो."

"मग किती तुमचं आणि किती माझं?"

"ते रोज बदलतं."

माझंही रोज बदलत होतं. चहा संपला, मी कप बाजूला ठेवले आणि उठले.

मला फसवता आलं असतं. हे मी लिहितेय कारण ते माझ्या मनात आलं होतं, चांगलं दोन मिनिटं आलं होतं. एक प्लग जरा सैल ठेवायचा, गाडी नीट चालली नसती, त्यांना 'परत' म्हणावंच लागलं असतं, आणि त्यांच्याच नियमानं ते माझ्या शेजारी अडकले असते. साधी गोष्ट होती. पण माणसाच्या जिवाचा सौदा, आणि तो त्याला न सांगता? त्यांनी माझ्या नावावर बिल फाडलं म्हणून मी ओरडले, आणि मी तेच करायचं? मग मी ठरवलं की धडा नीट पुरा करायचा. पास व्हायचं. मग ज्याचं त्यानं ठरवावं.

तिसरा नवा प्लग नळीच्या तोंडात घातला, आटे लागेपर्यंत फिरवला, बेतानं आवळला. चौथा काढला. तो पहिल्यासारखाच, बिस्किटाच्या रंगाचा. खळगा साफ केला, नवा बसवला, आवळला. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. बोलायचंच नव्हतं, शेवटचा होता.

राहिल्या वायरी. चारही काळ्या, सारख्या जाडीच्या, आणि कुठली कुठली याचा मागमूस नाही. एका वेळी एक हा नियम मी मोडला होता, आणि मोडल्यावर काय करायचं, हे त्यांनी शिकवलंच नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर गाडीवरच ठेवली.

मग मी वायरी नीट बघितल्या. लांब्या सारख्या नव्हत्या. एक बरीच लांब, एक अगदी आखूड, दोन मधल्या. आणि इतकी वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहून प्रत्येकीला आपापली वळणं पडली होती. जुन्या कोटाच्या बाहीला कोपरापाशी जसा बाक पडतो, आणि कोट खुंटीवर असला तरी कुणाचा ते मी सांगू शकते, तसंच. लांब वायर सर्वांत दूरच्या प्लगवर अलगद पोचली. आखूड जवळच्यावर. मधल्या दोघींतली एक बसवून पाहिली, ती ताणली गेली, वळण उलटं पडलं. काढली, दुसरीच्या जागी लावली. कुठंही न ओढता बसली. टोप्या दाबल्या, प्रत्येक वेळी टक् असा आवाज आला.

मागून खुर्ची करकरली. मास्तर उठून उभे राहिले होते.

मी आत बसले, गिअर न्यूट्रल आहे ना पाहिलं, चावी फिरवली. पहिल्या झटक्याला गाडी सुरू झाली. थरथर नाही, फटफट नाही, खणातली कात्री गप्प. इतकी मऊ चालली की ती सुरू आहे की नाही हे कळायला मी खाली काट्याकडे बघितलं. मी पेडलवरचा पाय काढून हात मांडीवर ठेवले. आता ते 'झालं' म्हणणार. माझ्या डोक्यात एवढंच येत होतं की लेकीला आज रात्रीच कळवायला हवं.

मास्तर गाडीपाशी आले. उघड्या बॉनेटपाशी मडगार्डवर उजव्या हाताचा तळवा ठेवून, डोळे मिटून ऐकत उभे राहिले. शेकडो वेळा मी त्यांना असं उभं पाहिलेलं होतं, पण इतका वेळ कधीच नाही. मी काच खाली केली.

"दोन नंबरचा सैल आहे," ते म्हणाले.

"काय?"

"दोन नंबरचा प्लग. सैल वाटतोय."

मी कान दिला. काहीही नव्हतं. दोन नंबरचा मी त्यांच्या डोळ्यांदेखत आवळला होता आणि त्यांनी मान हलवली होती. सैल प्लग फुसफुसतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही; जन्म गेला माझा ते ऐकण्यात. मी गाडी बंद करून खाली उतरले, टोपी काढून पाना लावून बघितला. तसूभरही हलला नाही.

"हा घट्ट आहे, मास्तर."

"मी सांगतोय ना सैल आहे म्हणून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भाच्याला माघारी पाठवताना ज्यांनी डोळ्याला डोळा भिडवला होता, ते मास्तर आता इंजिनाकडे बघत बोलत होते आणि कानशिलं लाल झाली होती. "आज नाही जमलं तुला. पुढच्या खेपेला बघू. प्लग बदलायला येतील तेव्हा."

"ते यायला वर्ष तरी जाईल."

"जाईल. तेवढं जाणं-येणं होईल आपलं."

मी टोपी परत बसवली आणि पाना फडक्यात पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले. आनंद झाला का? झाला. पण तो आनंद उचलायलाही माझ्यात बळ नव्हतं. वर्षभराच्या सगळ्या सकाळी मला एका ओळीत दिसल्या, तो रस्ता, तो सिग्नल, त्या सेंटरच्या पायऱ्या, आणि परत येताना मिटलेले त्यांचे डोळे.

मास्तरांनी बॉनेट एका हातानं खाली आणलं, पण नीट लागेना. मी बाजूला जाऊन दुसऱ्या कडेला हात दिला, दोघांनी मिळून दाबलं.

"उद्या किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं, जसं काही त्यांना ते माहीतच नव्हतं.

"सातला," मी म्हटलं. हुंदका येतोय असं वाटून मी तोंडावर तो काळा हात धरला, तर आली ती जांभई. भली मोठी, डोळ्यांतून पाणी काढणारी. ती संपेपर्यंत मास्तर माझं कोपर धरून उभे होते.